पांढऱ्या फायलींतली माणसं

दोन्ही खांब सारख्याच उंचीचे होते. एक हिरवा, एक पांढरा, आणि त्यांच्या डोक्यांत नखाएवढासुद्धा फरक नव्हता. शेवटच्या अकरा फायली कपाटात ठेवायला मी डॉक्टरांच्या खोलीत गेले होते. आमची डॉक्टर वयानं माझ्या सुनेहून वर्षभरानं लहान. ती पेनाचं टोपण दातांत धरून कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या त्या खांबांकडे बघत बसली होती. मला वाटलं, मशीन बिघडलं असेल. ती मान न वळवता म्हणाली, ''काकू, फरक नाही.'' मग गुरुवारी समितीची बैठक आहे, तिथे हे मांडावं लागेल, दोन वर्षांचं काम म्हणजे हे दोन खांब, असं बरंच काही सांगितलं, तेही हळू आवाजात. मी फायली लावत राहिले. मग तिने खुर्ची वळवली आणि मुद्द्याचं सांगितलं. पूर्वी शंभरात चौसष्ट माणसांचं आतडं नीट साफ व्हायचं. आता पांढऱ्या गटातसुद्धा अठ्ठ्याऐंशी आहेत, म्हणजे आमचं छापील सूचनांचं पत्रकच फार चांगलं झालं असणार. फोन करून विशेष काही साधत नाही. समिती तुमची फोनची खोली बंद करायला सांगेल, आणि खरं तर त्यांचं चूकही नाही. तुम्हाला मी उत्तम प्रमाणपत्र देईन, असंही म्हणाली. मी कपाटाचं दार लावलं. ते नीट बसत नाही, खालून पायानं ढकलावं लागतं. तेवढ्यासाठी मी पाठ केली, आणि बरंच झालं, कारण माझा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा नसणार. श्रेय पत्रकाला. एका दुमडलेल्या कागदाला.

संशोधन तसं साधंच. मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करायची तर आतडं आतून लख्ख हवं. त्यासाठी आधीचे दोन-तीन दिवस बियांची फळं, सालं, पालेभाजी बंद, आदल्या दिवशी नुसते पातळ पदार्थ, आणि मग ते औषधाचं पाणी, अर्धं संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे. माणसं यात कुठेतरी चुकतात. कुणी आदल्या दिवशी पेरू खातो, कुणी एक पेला पिऊन तोंड वाकडं करतो आणि बाकीचं मोरीत ओततो. मग डॉक्टर आत बघतात तर गढूळ पाणी. धुवायला वेळ जातो, कधी तपासणी अर्ध्यावर सोडून माणसाला परत बोलवावं लागतं. आमच्या डॉक्टरीणबाईंना वाटलं, तपासणीच्या तीन दिवस आधी कुणी फोन करून सगळं समजावून सांगितलं तर सुधारणा होईल का. म्हणून माणसांचे दोन गट केले. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार. हिरव्या फायलीतल्या माणसाला मी फोनवर सगळं समजावायचं, बारा-पंधरा मिनिटं. पांढऱ्या फायलीतल्या माणसाला फक्त तारीख, वेळ, बरोबर कुणाला तरी आणा, आणि 'शंका असल्यास पत्रक पाहावे.' मग तपासणारे डॉक्टर आतड्याच्या तीन भागांना सफाईचे गुण देणार, एकूण नऊपैकी, आणि माणूस हिरवा की पांढरा हे त्यांना कळू द्यायचं नाही. ते मला माहीत, आणि मला गुण माहीत नाहीत. इतकी चोख व्यवस्था. या व्यवस्थेत एकच भोक होतं, आणि ते म्हणजे मी.

त्या दिवशी मी बसला न थांबता चालत निघाले. पूल, कापडाची दुकानं, चाव्या बनवणाऱ्यांची रांग. चाव्यांच्या दुकानापाशी माझा पाय नेहमी रेंगाळतो. पांढऱ्या फायलीतल्या ज्या माणसाला मी पहिल्यांदा नियमाबाहेर काही सांगितलं, तो कुलुपं दुरुस्त करणारा होता आणि तो यातल्याच एखाद्या दुकानात बसत असेल, असं मला उगीच वाटतं. चेहरा माहीत नाही, आवाज माहीत आहे, थोडा बसलेला, शब्द चावून बोलणारा. मी माझी ठरलेली पाच वाक्यं म्हटली, शंका असल्यास पत्रक पाहावे म्हटलं. तो म्हणाला, पत्रक पाहिलं, पण अर्धं औषध पिऊन पोट साफ झालं तर उरलेलं कशाला प्यायचं? नियमाप्रमाणे मी 'पत्रक पाहावे' पुन्हा म्हणायला हवं होतं. पण मला दिसत होतं की हा माणूस उरलेलं अर्धं औषध ओतून देणार, कारण तो भला आहे, हिशेबी आहे आणि त्याला वाटतंय की काम झालं. रात्रभरात वरून पुन्हा पित्त उतरतं आणि उजव्या बाजूचा भाग बरबटतो, हे त्याला कोण सांगणार? नेमका तोच भाग, जिथे बघणं सगळ्यात अवघड. मी चार वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, ''हे असं आधी कुणी बोललंच नाही.'' आणि फोन ठेवला. माझ्यासमोर छापील फॉर्म होता: ठरलेल्या वाक्यांखेरीज माहिती दिली का? मी 'नाही'वर खूण केली. मनाशी म्हटलं, मी सांगितलं ते पत्रकात नवव्या ओळीत आहेच की, मुंगीएवढ्या अक्षरांत का होईना, पण आहे. वकील व्हायला हवं होतं मी.

खरं सांगायचं तर त्या फोननंतर मला फार बरं वाटलं होतं. याआधी सव्वीस वर्षं मी एका तारांच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. माझा आवाज चांगला आहे, हे मी स्वतः सांगते, कारण सांगायला आता दुसरं कुणी उरलं नाही. पण त्या आवाजाचं काम काय, तर 'जोडून देते' आणि 'जागेवर नाहीत'. दोन्हीकडून हॅलो ऐकू आलं की आपण बाजूला व्हायचं. आमच्या मुख्य बाई सांगायच्या, विचारलं तेवढंच सांगायचं, आणि जमलं तर तेही सांगायचं नाही. दर शुक्रवारी एका बाईचा फोन यायचा, भांडारातल्या एका कारकुनासाठी. त्यानं सांगून ठेवलेलं, नाही म्हणा. मी दोन वर्षं तिला गोड आवाजात 'जागेवर नाहीत' सांगितलं आणि तो माझ्यासमोर काचेपलीकडे डबा खात असायचा. ती कोण, तिचं काय अडलं होतं, मला कधी कळलं नाही. एका शुक्रवारी फोन आला नाही आणि नंतर कधीच आला नाही. कारखान्यात पुढे मशीन आलं, एक दाबा, दोन दाबा, आणि आम्हा चौघींना हार घालून घरी पाठवलं. घरी बसल्यावर माझ्या लक्षात आलं की लाखभर माणसांना मी एकमेकांशी बोलायला लावलं असेल, पण मी स्वतः त्यांतल्या एकाशीही बोलले नाही. हे म्हणायचे, अगं, घरी बोलतेस तेवढं पुरे नाही का. ह्यांचा स्वभाव असा, सगळ्याची चेष्टा.

आणि इस्पितळात हे काम मिळालं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या आठवड्यात मला तपासणीच्या खोलीत उभं केलं होतं, म्हणाल्या, आपण कशासाठी बोलतो ते बघा. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं आतडं पडद्यावर. मी तोंड फिरवायच्या तयारीनं गेले होते आणि फिरवता आलं नाही. इतकं स्वच्छ, ओलं, गुलाबी, आतून दिवा लावल्यासारखं. डॉक्टरांनी दुर्बीण आत नेली भराभर, पण बाहेर आणताना अशी हळू की मला उभं राहून पाय दुखले. घडी आली की तिच्यामागे डोकवायचं, पुढची घडी, पुन्हा डोकवायचं. एका घडीमागे मसुराएवढी गाठ. डॉक्टर म्हणाल्या, ही दहा वर्षांनी काय झाली असती सांगता येत नाही. आणि तारेच्या फासानं काढून टाकली, दोन मिनिटांत. दुसऱ्या दिवशीच्या बाईंचं आतडं गढूळ होतं, पिवळं पाणी आणि त्यात कसल्याशा बिया. तीच डॉक्टर, तीच दुर्बीण, तोच हात, पण घड्या दिसतच नव्हत्या. शेवटी थांबवलं. त्या बाईंच्या घडीमागे काही होतं की नाही, हे त्या दिवशी जगात कुणालाच सांगता आलं नसतं. ते मला फार लागलं. तेव्हापासून फोन उचलला की मला ती घडी दिसते. म्हणूनच कुलूपवाल्याला मी 'पत्रक पाहावे' म्हणू शकले नाही.

पण एवढ्यावर थांबले असते तर मी स्वतःला माफ केलं असतं. कुलूपवाल्यानंतर मी ठरवलं, आपण होऊन काही सांगायचं नाही, फक्त जो विचारेल त्याला. मग कळलं की माणसं विचारत नाहीत. लाजतात. 'बरं, ठीक आहे' म्हणून ठेवायला बघतात. तेव्हा मी गप्प राहायला शिकले. पाच वाक्यं संपली की फोन ठेवायचा नाही, बोलायचं नाही, नुसतं असायचं. पलीकडच्या माणसाला कळतं की कुणीतरी आहे. एक, दोन, तीन. मग घसा खाकरल्याचा आवाज येतो आणि माणूस विचारतो. लोहाच्या गोळ्या चालू ठेवू का? सकाळी बसमध्ये लागली तर काय करू? मला साखर आहे, उपाशी राहून चक्कर आली तर? एका बाईंनी तर दोन मिनिटं हवापाणी बोलून झाल्यावर विचारलं, तपासणीच्या वेळी पुरुष डॉक्टर असतील का, नाहीतर मी येतच नाही. तिला मी सांगितलं, असतील, पण चादर असते, आणि तुमच्या उशाशी एक नर्स उभी असते, तिचा हात धरा. हे कुठल्याही पत्रकात नाही, नवव्या ओळीतही नाही. प्रत्येक फोननंतर मी 'नाही'वर खूण करत गेले. पुढे पुढे तर विचारसुद्धा येईना, हात आपोआप तिथे जायचा. आणि हिरव्या-पांढऱ्यात मी स्वतःच्या हातानं फरक पुसत चालले आहे, हे दोन वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटायचं, मी चांगलं काम करते आहे. कुणाला इतकं चांगलं काम करून इतकं नुकसान करता येत असेल, असं मला वाटत नाही.

घरी पोचले तर सून नुकतीच कामावरून येऊन भाजी निवडत होती. तिनं शेजारी सांगून ठेवलंय की आई इस्पितळात समुपदेशन करतात. नेमकं कशाबद्दल, ते ती सांगत नाही, आणि कुणी खोदून विचारलं तर कुकर बघायला आत जाते. मी घरात कामाचं बोलायचं नाही, हा आमच्यातला करार. त्या दिवशी मी मोडला. सगळं सांगितलं, खांब, फायली, कुलूपवाला. ह्यांनी पेपर खाली ठेवला, जे ते सहसा करत नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गप्प बसायचं. गुरुवारी बैठक होईल, खोली बंद होईल, पुष्पगुच्छ मिळेल, प्रमाणपत्र मिळेल. आणि सांगितलंस तर खोली बंद होईलच, वर नाव जाईल. म्हणजे दोन्हीकडून काम जाणारच, मग चांगलं नाव घेऊन का येऊ नये? त्यांच्या बोलण्यात मला कुठे खोट सापडेना. माझं नाव मला प्यारं आहे. सव्वीस वर्षांत माझ्याविरुद्ध एक तक्रार नाही, हे मी पाहुण्यांना न विचारता सांगते. सून शेंगेचे दोर काढता काढता म्हणाली, ''पण आई, तुम्ही गप्प बसलात तर नव्या माणसांना फोन कोण करणार?''

मी म्हटलं, कुणी नाही. नुसतं पत्रक.

ती शेंगा धुवायला गेली. मी तिथेच बसून राहिले आणि मला काय लागतंय ते मला त्या वेळी स्पष्ट कळलं. काम जाण्याचं दुःख नव्हतं. पुष्पगुच्छ घेऊन मी दारातून बाहेर पडणार आणि मागे कागदावर लिहिलेलं राहणार, 'फोन करून उपयोग होत नाही.' हे खोटं होतं. मला माहीत होतं ते खोटं आहे, कारण तो उपयोग मीच होते. माझ्या चांगल्या नावासाठी मी माझंच काम खोटं पडू देणार होते. मला राग आला, आणि रागाच्या तळाशी अभिमान होता, लपवण्यासारखं त्यात काही नाही. जी माणसं पत्रकावर सोडली होती, त्यांतली कितीतरी स्वच्छ होऊन आली, ती माझ्यामुळे. पत्रकानं केलं म्हणे. पत्रकाला गप्प राहता येतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी इस्पितळाच्या टेलिफोन विभागात गेले. ऑपरेटर म्हणून मला एक गोष्ट ठाऊक होती, जी डॉक्टरांना सुचणारही नाही: प्रत्येक फोन किती वेळ चालला याची नोंद मशीन ठेवतं. तिथल्या बाईंनी मला माझ्या फोनच्या दोन वर्षांच्या नोंदी छापून दिल्या, आपल्या धंद्यातली आहे म्हणून. पांढऱ्या गटाचा फोन मिनिटभराचा असायला हवा. मी पेन्सिलीनं खुणा केल्या. एकशे त्रेचाळीस पांढऱ्यांपैकी एकशे सतरा फोन तीन मिनिटांच्या वर होते. मी पहिल्या पानापासून पुन्हा मोजले, तेवढेच आले. मला वाटलं होतं, तीस-चाळीस असतील.

डॉक्टरीणबाई गुरुवारच्या बैठकीचं भाषण लिहीत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर रडले असते आणि मला रडत सांगायचं नव्हतं. मी काय केलं, कसं केलं, फॉर्मवर खोटी खूण किती वेळा केली. ती ऐकत होती. चेहरा आधी कोरा, मग हळूहळू लाल. तिनं कागद ओढून घेतले, पानं उलटली.

''दोन वर्षं,'' ती म्हणाली. ''तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?''

तिच्या बोलण्यातलं 'काकू' गळून पडलं होतं. ते मला झोंबलं, पण तिचा तो हक्क होता. मी म्हटलं, कळतंय, कालपासून कळतंय. ती उठून खिडकीशी गेली, परत आली, कॉम्प्युटरवर बसली आणि माझ्या पेन्सिलीच्या खुणा गुणांशी लावून बघायला लागली. मला जा म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. अर्धा तास गेला. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. मग तिने पडदा थोडा माझ्याकडे वळवला. जे सव्वीस जण काही न विचारता फोन ठेवून गेले, त्यांतल्या बारा जणांचं आतडं साफ नव्हतं. ज्या एकशे सतरा जणांशी मी बोलले, त्यांतल्या फक्त पाचांचं.

पाच. मी तो आकडा नुसता बघत राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कोरडेपणानं सांगितलं की यावरून काही सिद्ध होत नाही. विचारणारी माणसं मुळात काळजी घेणारी असतात, ती तशीही साफ होऊन आली असती. हा अभ्यास गेला. समितीला सगळं कळवावं लागेल, तुमच्या चुकीसकट. नव्यानं करायचा तर एका गटाला फोनच करायचा नाही, आणि फोनवर तुम्ही नसाल.

''पण फोन असेल?'' मी विचारलं.

तिनं पेनाचं टोपण काढलं, लावलं. ''असेल,'' ती म्हणाली. ''त्याशिवाय मला झोप लागणार नाही.'' मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं की ते गप्प राहायचात ते नक्की किती वेळ. मी म्हटलं, मनातल्या मनात सहापर्यंत मोजायचं, सावकाश, आणि श्वास ऐकू जाईल इतका रिसीव्हर जवळ धरायचा, नाहीतर माणसाला वाटतं फोन कटला. तिनं ते लिहून घेतलं. भाषणाच्याच कागदाच्या मागे, नीट अक्षरात, खाली रेघ मारून. दोन वर्षांत मी सांगितलेलं तिनं पहिल्यांदाच लिहून घेतलं.

मग तिनं कपाटाचं दार ओढून उघडलं आणि पांढऱ्या फायली टेबलावर काढून ठेवल्या, तीन ढीग. दुरुस्ती ज्यानं चूक केली त्यानंच करायची असते, असा नियम आहे. पांढरी शाई लावायची नाही, कागद फाडायचा नाही. 'नाही'वरच्या खुणेवर एकच आडवी रेघ, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, 'हो'वर नवी खूण, आजची तारीख, आणि सही. कुणीही उघडून बघितलं तरी आधी काय लिहिलं होतं, नंतर काय लिहिलं आणि कुणी लिहिलं, हे दिसलं पाहिजे. तिनं मला खुर्ची दिली, स्वतःचं पेन दिलं. मी पहिली फायल ओढली. कुलूपवाल्याचीच होती. रेघ सरळ आली. मग दुसरी, मग तिसरी. लोहाच्या गोळ्यावाल्या आजी. बसची भीती वाटणारे मास्तर. चादरीबद्दल विचारणारी बाई. नावं वाचली की आवाज कानात यायचे आणि मी प्रत्येकापाशी क्षणभर थांबायची. जेवणाची सुट्टी झाली, संपली. ती मध्येच येऊन बघून गेली, म्हणाली, काकू, इतक्या सह्या करून हात मोडेल, नुसती आद्याक्षरं चालतील. थोड्या वेळानं पुन्हा येऊन तेच म्हणाली.

मी एकशे सतरा वेळा पूर्ण सही केली.